नववा खडा

आमच्या घरात तपकिरी रंगाला ‘काप्पी कलर’ म्हणायचे, काप्पी म्हणजे कॉफी. तपकिरी हा शब्द मला बराच उशिरा भेटला, मराठी वाचायला शिकले तेव्हा. तंजावरात आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आलो, पण ती वाचता येणारी माणसं आमच्या गल्लीत एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यामुळे मी आता जे लिहिते आहे ते कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. ते ऐकलेलं आहे, पाहिलेलं आहे, आणि पाहिलेल्यातलं निम्मं काप्पी कलरच्या काचेतून पाहिलेलं आहे.

ती काच अप्पांची. अप्पा, म्हणजे माझे वडील, एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. दवाखान्याच्या मागच्या खोलीत पश्चिमेला एक खिडकी होती आणि खिडकीच्या आड लाकडी फळीवर औषधांच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या असायच्या, एकूण एक तपकिरी. शनिवारी दुपारी शाळा सुटली की मी तिथे स्टुलावर जाऊन बसायचे. चारच्या सुमाराला ऊन त्या फळीवर यायचं आणि समोरच्या भिंतीवर बाटल्यांचे रंग पडायचे. तपकिरी हा एक रंग आहे असं मानणाऱ्यांची मला कीव येते. फिल्टरमधून उतरलेलं पहिलं डिकॉक्शन, पानक्याच्या तांब्यातलं गुळाचं पाणी, भिजवलेल्या चिंचेचा कोळ, मध, चिंचोका, तव्यावर थोडं जास्त झालेलं तूप, हे सगळे त्या भिंतीवर शेजारी शेजारी असायचे. मी डोळे अर्धवट मिटून बसायचे. खोलीत कसलातरी गोड, कडवट वास असायचा आणि अप्पांची कात्री चालू असायची.

कात्री कागदाच्या पट्ट्यांसाठी. अप्पा मिक्श्चर तयार करून बाटलीत भरायचे, मग कागदाची एक पट्टी घडी घालून तिच्या कडांना खाचा पाडायचे आणि ती बाटलीवर उभी चिकटवायचे. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक वेळचं औषध. बाहेरच्या लोकांना अक्षर वाचता आलं नाही तरी खाच कळायची.

“अप्पा, बाटल्या काप्पी कलरच्याच कां?” मी विचारायचे. उत्तर मला पाठ होतं, तरी.

“काच वितळवतांना तींत लोखंड, गंधक, कोळसा असं कायकाय पडतंय. तो रंग उजेड अडवतोय. उजेडानं जे नासतंय ते ह्यांत ठेवायचं.”

उजेडानं आणखी काय नासतं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. कारण दवाखान्यातली एकही तपकिरी बाटली आमच्या घरी येत नसे. मला खोकला झाला तर अप्पा मिक्श्चर पांढऱ्या बाटलीत भरायचे, तिला काळा कागद गुंडाळायचे आणि घरी आणून तांदळाच्या डब्यामागे अंधारात ठेवायचे. एवढा खटाटोप आत्यासाठी होता.

आत्या, अप्पांची धाकटी बहीण. मी चार वर्षांची असताना ती एक ट्रंक घेऊन मायावरमच्या सासरहून परत आली ती आमच्याकडेच राहिली. आई शिक्षिका, तिची शाळा सकाळची, त्यामुळे मी वाढले ती आत्याच्या हाताखाली. तिचा नवरा प्यायचा. घरात हे कुणी बोलत नसे, पण सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही. शेजारच्या घराच्या ओट्यावर टॉनिकच्या तपकिरी बाटलीत मनीप्लांट लावलेला होता. आत्या देवळात जाताना त्या घरापाशी आली की रस्ता ओलांडून पलीकडून जायची आणि पुढे गेल्यावर परत अलीकडे यायची. मला ती गंमत वाटायची. मी तिच्यामागून तशीच जायचे.

आत्या चित्रं करायची. तंजावरी चित्रं, फळीवरची, सोन्याच्या वर्खाची. राजवाड्याजवळच्या एका दुकानदाराला ती करून द्यायची आणि त्याखाली नाव कुणाचंच नसायचं. त्या वर्षांत दुकानदाराचा धंदा एकदम फुगला होता. परदेशातून गिऱ्हाईकं यायची, गल्लीच्या तोंडाशी पिवळ्या पाटीचं टेलिफोन बूथ झालं होतं आणि तिथून म्हणे थेट लंडनला भाव ठरायचे. त्याला आता चित्रं लवकर हवी असायची. तो प्लास्टिकच्या खड्यांची पाकिटं आणून द्यायचा. आत्या ती मुकाट्यानं चिकटवायची, पण चिकटवताना तोंड असं करायची की जणू भाजीत अळी निघाली.

मग एका वर्षी तिनं सुताराकडून फणसाच्या लाकडाची एक फळी स्वतःसाठी करवून घेतली. त्यावर कापड चिकटवलं, खडूची भुकटी आणि डिंक यांचा थर दिला, घासून घासून तो तुळतुळीत केला आणि लोण्याचा गोळा हातात घेतलेला बाळकृष्ण काढला. दुकानात असे शंभर कृष्ण असतील. पण ह्याच्या छातीवर तिनं नवरत्नांचं पदक काढलं होतं, मधे एक आणि भोवती आठ, आणि त्यात बसवायचे खडे खरे होते. आजीनं लग्नात दिलेल्या पदकातले. त्याचं सोनं कुठे गेलं ते सगळ्यांना समजण्यासारखं होतं. खडे मात्र बारीक आणि डागी, ते कुणाला नको होते, म्हणून आत्यानं ते पदराच्या गाठीत बांधून परत आणले होते. घरी येऊन गाठ सोडली तर आठच निघाले. गोमेद नव्हता. काप्पी कलरचा तेवढा तिकडे राहिला होता.

तंजावरी चित्रात एक क्रम असतो आणि तो मोडता येत नाही. आधी खडे, मग सोनं, मग रंग, आणि सर्वांत शेवटी डोळे. खडा बसल्याशिवाय भोवतीचं खडूचं नक्षीकाम होत नाही, नक्षीकाम झाल्याशिवाय वर्ख लावता येत नाही. त्यामुळे आठ खडे बसवून आत्याचं काम थांबलं. कृष्ण पांढराफटक, आंधळा, छातीवर एक खळगा, असा स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून दीड वर्ष उभा होता. मी त्याच्याकडे पाठ करून जेवायला बसायचे, कारण डोळे नसून तो बघतो असं मला वाटायचं.

अप्पांनी एकदा सोनाराकडून गोमेद आणला. पुडीत बांधलेला, चांगला. आत्यानं तो तळहातावर घेऊन पाहिला आणि पुडी परत केली.

“नोको, अण्णा. बाकीचे आईकडून आलेत. हा दुकानांतून आलेला त्यांच्यांत बसायचा नाहीं.”

“मग काय करणार? असंच ठेवणार त्याला?”

“येईल,” आत्या म्हणाली. “यायचा असला तर येईल.”

अप्पा चिडले. त्यांना चिडलेलं मी तीनचारदाच पाहिलं, त्यातलं हे एक. ते गेल्यावर आत्या फळीवरची धूळ पुसत बसली आणि माझ्याशी बोलते आहे की स्वतःशी हे कळणार नाही अशा आवाजात म्हणाली, “हें पुरं नाहीं झालं ना कण्णा, तर माझं अस्कं तिथंच राहिलं असं होईल.” कण्णा ती मला लाडानं म्हणायची, आणि अस्कं म्हणजे सगळं. मी दहा वर्षांची होते. पण हे मला समजलं. दुसऱ्यांचे देव रंगवून आणि भावाच्या घरी भात रांधून तिची सहा वर्षं गेली होती, आणि तिचं म्हणता येईल असं घरात हे एकच होतं.

त्याच वर्षी तई महिन्याच्या, म्हणजे पौषातल्या, अमावास्येला आम्ही पुंपुहारला गेलो. तिथे कावेरी समुद्राला मिळते. आजोबांना तर्पण करायला अप्पा दर वर्षी जायचे, मला पहिल्यांदाच नेलं, आणि आत्याही निघाली. घरात सगळ्यांना आश्चर्य वाटलं, कारण बस मायावरमवरून जाते. झुंजुमुंजूची बस होती. आत्या मधल्या वाटेकडच्या सीटवर बसली आणि मायावरम येऊन जाईपर्यंत माझ्या वेण्यांशी खेळत राहिली. बाहेर काय आहे तिनं पाहिलं नाही. मी म्हटलं नदी बघू या, तर म्हणाली तूच बघ आणि मला सांग. मी सांगितलं की घरांच्या परसामागून नदी जाते आहे, पायऱ्या आहेत, एक बाई भांडी घासते आहे.

तई महिन्यात नदीला पाणी फार नसतं. एवढी मोठी कावेरी, जिच्या नावानं आमच्याकडे शपथा घेतात, ती समुद्रापाशी येईतो गुडघाभर ओढा झाली होती आणि वाळूतून वाट काढत काढत, कुणाला दिसू नये अशी आत शिरत होती. धुकं होतं. ओलेत्या माणसांच्या रांगा धुक्यातून येत होत्या आणि धुक्यात जात होत्या, मंत्र ऐकू यायचे पण म्हणणारे दिसायचे नाहीत. अप्पा तीळ आणि दर्भ घेऊन त्यांच्यात मिसळले. आत्या पाण्यात उभी राहून नदी आली त्या दिशेला बघत होती.

मला एक नियम सांगून ठेवला होता. पितरांचं स्नान झालं की तिथून काही घरी आणायचं नाही. शिंपला नाही, वाळू नाही, मागे वळून बघायचंसुद्धा नाही.

मी खाली बघत चालत होते, मागे नाही. एक लाट परत गेली आणि ओल्या वाळूवर चिंचोका दिसला. उचलला तर चिंचोका नव्हता, काच होती. चिंचोक्याएवढी, तशीच गोलसर, कुठे बोचत नव्हती. ओली होती तोवर तिचा रंग अप्पांच्या भिंतीवरचा होता, चारच्या उन्हातला. हातात धरून दोन मिनिटं झाली आणि ती वाळली, तर रंग कुठल्या कुठे गेला. गुळाच्या खड्यावर पीठ पडावं तशी ती पांढुरकी झाली. पाण्यात बुडवली की रंग परत यायचा, वाळली की जायचा. आता ही वाळायला नको आणि घरी न्यायला तर बंदी, यावर दहा वर्षांच्या डोक्यानं जो तोडगा काढायचा तो काढला. मी ती तोंडात टाकली. तोंडात ठेवणं म्हणजे आणणं नव्हे, असं माझं शास्त्र होतं.

परतीच्या बसमध्ये मी गप्प होते. काच गालात धरली होती, खारट लागत होती, आणि खिडकीतून भातखाचरं, माड, कालव्यावरचे बगळे हे सगळं मागे सरकत होतं. मी पेंगत होते आणि पेंगतानाही जिभेनं ती काच उलटीपालटी करत होते. मायावरमच्या स्टँडवर बस थांबली आणि आत्यानं चिंचेच्या भाताचा डबा उघडला. मी मान हलवून नको म्हटलं. चिंचेच्या भाताला मी नाही म्हणणं ही आमच्या घरात डॉक्टरांना बोलवण्याजोगी गोष्ट.

“तोंडांत काय आहे?” अप्पा म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.

मी काच त्यांच्या हातावर टाकली. आता रागावणार म्हणून मी मान खाली घातली. पण अप्पा रागावले नाहीत. त्यांनी ती रुमालानं पुसली, दोन बोटांत धरली, अंगठ्यानं वरून चाचपली, मग उलटी करून खालून चाचपली. खालच्या बाजूला त्यांचा अंगठा थांबला. परत त्याच जागेवरून फिरला आणि परत थांबला. मग त्यांनी प्रवासाला भरून घेतलेल्या कूजातलं थोडं पाणी तिच्यावर ओतलं आणि ती खिडकीतल्या उन्हात धरली.

आत्याच्या मांडीवर मधाच्या रंगाचा एक ठिपका पडला.

“गोमेद,” आत्या म्हणाली. डबा तसाच उघडा होता. तिनं हात पुढे केला, मग तो मधेच थांबला. “अण्णा. कशाची काच ही?”

अप्पांना काच वाचता यायची. जाडी, बाक आणि रंग यांवरून ते नुसत्या तुकड्याची आख्खी बाटली सांगायचे, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. आणि अप्पा खोटं बोलत नसत. औषध कडू असलं तर लहान मुलालाही कडू आहे म्हणून सांगायचे.

“औषधाची,” अप्पा म्हणाले. “जुनी बाटली. नागपट्टणम, तरंगंबाडी, कुठल्यातरी बंदरांतल्या दवाखान्यांतली असेल.”

आत्यानं त्यांच्याकडे पाहिलं. मग काच घेतली, मूठ मिटली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा बसच्या खिडकीतून बाहेर, मायावरमकडे बघितलं. बस सुटेपर्यंत ती बघत होती.

घरी आल्यावर आईनं आक्षेप घेतला. पितरांच्या ठिकाणची वस्तू, शिवाय पोरीच्या तोंडातली, उष्टी, ती देवाच्या छातीवर? आत्यानं काच चिंचेच्या पाण्यानं धुतली, हळदीत घोळली, तीन दिवस तुळशीपाशी ठेवली आणि चौथ्या दिवशी बसवली. खळग्यात आधी वर्खाचा तुकडा घातला, त्यावर काच. बाकीचे आठ खडे चमकायचे. हा चमकायचा नाही. पण समई लावली की उजेड त्या काचेत शिरायचा, तळाच्या सोन्यावर आपटायचा आणि सावकाश परत यायचा. आत्यानं तिला पॉलिश केलं नाही, तेल लावलं नाही. जशी आली तशी राहू दे म्हणाली.

मग दीड वर्ष अडलेलं काम धावत सुटलं. वर्ख झाला, रंग झाले, आणि गोकुळाष्टमीच्या सकाळी आत्यानं न्हाऊन, काही न खाता, कृष्णाचे डोळे उघडले. आम्ही सगळे मागे उभे होतो. ती उठली तेव्हा तिचे पाय बधिर झाले होते, अप्पांनी तिला धरलं. त्या दिवशी गल्लीतल्या बायका दर्शनाला आल्या. एकीनं विचारलं, हा एक खडा असा मंद कां? आत्या म्हणाली, तो लांबून चालत आलाय, दमलाय. तिला असं थट्टेत बोलताना मी कितीतरी दिवसांनी ऐकत होते.

आणि एक गोष्ट झाली. पुढच्या आठवड्यात तिनं अप्पांकडे डिंक ठेवायला एक रिकामी बाटली मागितली. “काप्पी कलरची आण,” म्हणाली, “डिंक उजेडानं सुकतोय.” शेजारच्या मनीप्लांटपाशीही ती रस्ता ओलांडेनाशी झाली. मला वाटलं, बरोबर आहे. काप्पी रंग आता औषधाचा झाला.

पुढची वर्षं अप्पांना वाईट गेली. कंपन्यांची तयार औषधं आली, प्लास्टिकच्या बाटल्यांत, टोपणावरच माप छापलेलं. डॉक्टर नुसती चिठ्ठी लिहून द्यायला लागले. फळीवरच्या बाटल्या एकेक करून भंगारवाल्याकडे गेल्या आणि भिंतीवरचं ऊन पांढरं झालं. अप्पा सवयीनं कागदाच्या पट्ट्या कापून ठेवायचे, मी त्या पुस्तकात खुणेला घालायचे. त्या रिकाम्या दिवसांत ते मला बसनं समुद्रावर न्यायचे आणि काच वाचायला शिकवायचे. हा तुकडा आयोडीनचा, सर्वांत काळा. हा टॉनिकचा, बाक बघ. हा मानेचा, इथं बूच बसायचं. काही तुकडे मात्र ते हातात घेऊन, खालून अंगठा फिरवून पाण्यात लांब फेकून द्यायचे. “हें आपलं नाहीं,” एवढंच म्हणायचे.

मी कॉलेजात असताना अप्पा गेले. पुढे मला नागपट्टणमला सरकारी कचेरीत नोकरी लागली. संध्याकाळी मी समुद्रावर जायचे, काचा वेचायचे. एके दिवशी वाळूत कुणीतरी फोडलेली बियरची बाटली पडलेली होती, ताजी, चकचकीत. कुणाच्या पायात जाऊ नये म्हणून मी तिचं बूड उचललं आणि माझा अंगठा थांबला. बुडाच्या कडेला बारीक बारीक उंचवट्यांची ओळ होती, टिपक्यांसारखी. औषधाच्या बाटलीला ती नसते. अप्पांच्या फळीवरच्या सगळ्या बाटल्या माझ्या हाताखालून गेल्या होत्या, एकीलाही नव्हती. मी तिथेच वाळूत बसले. मला बसमधला अप्पांचा अंगठा दिसत होता.

शनिवारी घरी गेले. आत्या झोपली होती. मी कृष्णाच्या छातीवरून बोट फिरवलं. गोमेदाच्या कडेला, वर्खात अर्धे बुडालेले, झिजलेले दोन उंचवटे हाताला लागले. आत्याचं घर जिनं मोडलं तीच बाटली. तिला ती रोज हात जोडत होती, आणि आणली होती मी. मला रडूच आलं. ठरवलं की हे मरेपर्यंत बोलायचं नाही.

पण आत्यानं त्याच पोंगलला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर, चित्र खाली काढायला सांगितलं. नव्या डोळ्यांनी तिला ते पुसायचं होतं. तिनं मांडीवर फळी घेतली, मऊ फडक्यानं एकेक खडा पुसत नवव्यापाशी आली.

“तुज आतां काच वाचतां येते म्हणतात,” ती म्हणाली. “अण्णासारखी. मग सांग, ही कशाची?”

“औषधाची,” मी म्हणाले. लगेच म्हणाले. माझा आवाज जरा जास्तच मोठा आला.

आत्या हसायला लागली. इतकी हसली की फळी हलायला लागली आणि मला ती धरावी लागली.

“तूंही तसलीच,” ती म्हणाली. “अग, सहा वर्सं रोज सकाळीं त्या बाटल्या मी गोळा करीत होतें आणि परसामागं नदींत टाकीत होतें. सासूनं बघूं नये म्हणून. अंधारांत, नुसत्या हातानं. त्यांचं बूड मज ठाऊक नसेल? बसमध्येच मूठ मिटली आणि कळलं.”

मी विचारलं, “मग बसवलीस कां?”

“बोट फिरव,” ती म्हणाली. माझं बोट धरून तिनं स्वतःच काचेवरून फिरवलं. “धार आहे कुठं? तिथून निघाली तेव्हां हात कापायची. नदीनं नेलं, समुद्रानं घासलं. माझ्यापाशीं परत आली ती अशी. तिला कुठं टाकूं?”

नदीत टाकलेला तोच तुकडा इतक्या वर्षांनी माझ्या पायाशी यावा, हे काही खरं नाही. हिशेबात बसत नाही. मी ते तिला सांगितलं नाही.

“अप्पांना बोलली नाहीस?”

“अण्णा जन्मांत एकदांच खोटं बोलला, तेंही माझ्यासाठीं. तें मोडायचं कां?”

तिनं फडकं ठेवलं. फळी मांडीवर तशीच होती आणि दुपारचं ऊन दारातून तिच्यापर्यंत येत होतं. मग तिनं माझ्याकडे न बघता, ज्या आवाजात मी लहान असताना ताप आहे का विचारायची त्या आवाजात विचारलं,

“कण्णा, तूं ती इतका वेळ तोंडांत धरली होतीस. चव कसली होती?”

“मिठाची.”

“आणि?”

“आणि काही नाही. नुसती मिठाची.”

आत्यानं मान हलवली. “मग गेलं अस्कं,” ती म्हणाली, आणि चित्र परत भिंतीवर लावायला माझ्या हातात दिलं.